चेहरा कुणाचा, छायाचित्र कुणाचे?

भारतात सर्वाधिक प्रतींत छापले गेलेले व्यक्तिचित्र कोणते, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तरासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. ते बहुधा आपल्या खिशातच असते. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली महात्मा गांधी मालिकेच्या नोटा चलनात आणल्या आणि तेव्हापासून गांधीजींचा तो स्मितमुख चेहरा या देशातील प्रत्येक हातातून फिरत आहे. पाहताना ते रेखाटन वाटते, पण त्याचे मूळ १९४६ सालच्या एका छायाचित्रात आहे. त्या वेळच्या व्हाइसरॉय हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, गांधीजी ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्यासमवेत असताना ते टिपले गेले. नोटेसाठी त्यातील गांधीजींचा चेहरा तेवढा घेण्यात आला. ते टिपणारा छायाचित्रकार कोण होता, हे मात्र अज्ञातच राहिले.

इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेची कथा नेमकी उलट आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये चलनात आलेल्या या नोटेवर विन्स्टन चर्चिल यांची करारी मुद्रा आहे आणि ती कुणी टिपली हे छायाचित्रणाचा प्रत्येक विद्यार्थी सांगू शकतो. ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडाच्या संसदेत भाषण करून बाहेर आलेल्या चर्चिल यांच्यासमोर युसुफ कार्श कॅमेरा लावून उभे होते. चर्चिल सिगार सोडावयास तयार नव्हते. कार्श पुढे झाले, क्षमा मागून त्यांनी ती सिगार सरळ ओठांतून काढून घेतली आणि परत येऊन कळ दाबली. संतापलेला तो चेहरा पुढे युद्धकाळातील ब्रिटनच्या निर्धाराचे प्रतीक ठरला.

एका नोटेवर चेहरा प्रसिद्ध, छायाचित्रकार अनामिक; दुसरीवर दोघेही प्रसिद्ध. व्यक्तिचित्रण स्पर्धांच्या जगात मात्र तिसराच प्रकार अधिक आढळतो. तेथे छायाचित्रकाराचे नाव पदकासह झळकते आणि ज्याच्या चेहऱ्याने ते पदक मिळवून दिले, तो मनुष्य ‘एक वृद्ध’, ‘निरागसता’ किंवा ‘प्रतीक्षा’ अशा शीर्षकाखाली कायमचा अनामिक होऊन जातो. चित्र पाठविणे जोवर कष्टाचे होते, तोवर या गोष्टीचा विचार करण्यास थोडा अवधी तरी मिळत असे. आता मोबाइलमधील चित्र पाच मिनिटांत जगाच्या दुसऱ्या टोकाला स्पर्धेत दाखल होते.

लंडनमधील दोन चेहरे

व्यक्तिचित्रणाच्या स्पर्धांत लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची स्पर्धा विशेष मानाची समजली जाते. १९९३ मध्ये ती सुरू झाली आणि २००८ पासून टेलर वेसिंग या विधीसेवा संस्थेच्या नावाने ओळखली जाऊ लागली. व्यावसायिक, हौशी, विद्यार्थी असा भेद तेथे नाही. नियमावलीत एक अट अशी होती की, छायाचित्र स्पर्धकाने स्वतः, प्रत्यक्ष जिवंत व्यक्तीला समोर ठेवून काढलेले असावे. ही अट वाचताना कुणालाही हसू यावे. व्यक्तिचित्र जिवंत व्यक्तीचे नसेल तर कुणाचे असेल?

२०१७ साली या प्रश्नाचे उत्तर मिळाले. त्या वर्षी सहासष्ट देशांतून पाच हजारांवर प्रवेशिका आल्या आणि अंतिम फेरीसाठी निवडलेल्या तीन छायाचित्रकारांत फिनलंडच्या माइया ताम्मी यांचा समावेश होता. त्यांच्या चित्रातील तरुणी विचारमग्न दिसते. त्वचा तुकतुकीत, नजर काहीशी हरवलेली. ती तरुणी म्हणजे जपानमध्ये ओसाका विद्यापीठातील हिरोशी इशिगुरो यांच्या चमूने घडविलेला ‘एरिका’ नावाचा मानवाकृती यंत्रमानव होती. नियमावर बोट ठेवून प्रवेशिका बाद करता आली असती, परंतु गॅलरीने तसे केले नाही. व्यक्तिचित्र कशाला म्हणावे, हा प्रश्नच हे चित्र उभा करते, अशी भूमिका घेण्यात आली.

पहिला पुरस्कार मिळाला तो दुसऱ्याच एका चेहऱ्याला. १ ऑगस्ट २०१६ रोजी लिबियाच्या किनाऱ्यापासून सुमारे वीस सागरी मैलांवर, भूमध्य समुद्रात भरकटलेल्या एका रबरी होडीतून ११८ जणांची सुटका करण्यात आली. बचावनौकेवर स्पेनचे छायाचित्रकार सेझार देझफुली होते. होडीतून वर आलेल्या एकूण एक माणसाचे त्यांनी स्वतंत्र व्यक्तिचित्र काढले. पुरस्कारप्राप्त चित्र मालीमधून आलेल्या अमादू सुमायला या सोळा वर्षांच्या मुलाचे आहे. मागे धूसर समुद्र आणि थेट भिंगात रोखलेले डोळे. जीव वाचल्याचा आनंद त्या डोळ्यांत शोधूनही सापडत नाही. चित्राचे शीर्षक आहे ‘अमादू सुमायला’, म्हणजे त्या मुलाचे नाव.

खोक्यातून पडद्याकडे

छायाचित्रांच्या स्पर्धा भारताला नव्या नाहीत. मुंबईत १८५४ मध्येच ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचे नाव त्या काळच्या छायाचित्रकारांत आदराने घेतले जात असे. विसाव्या शतकात मुंबईची ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ (१९३७) आणि ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ (१९५३) यांनी हौशी छायाचित्रकारांना व्यासपीठ दिले. आंतरराष्ट्रीय पातळीवर अमेरिकेतील पीएसए ही १९३४ पासूनची, तर फियाप ही १९५० पासूनची संस्था. स्पर्धांना आपण सलोन म्हणतो. या दोन संस्थांची मान्यता असलेले सलोन जगभर वर्षभर चालू असतात आणि तेथे स्वीकृत झालेली चित्रे मोजून छायाचित्रकाराला मानचिन्हे मिळतात. कोलकात्यापासून कोचीपर्यंत नोकरी सांभाळून या मानचिन्हांसाठी वर्षानुवर्षे चित्रे पाठविणारे लोक आहेत. त्यांत बँक कर्मचाऱ्यांचा भरणा बराच असतो, असे म्हटले तर कुणाची हरकत नसावी.

पूर्वी हे काम खर्चाचे आणि चिकाटीचे होते. बारा इंच बाय पंधरा इंच आकाराचा प्रिंट करावयाचा, पाठीमागे नाव व शीर्षकाची चिठ्ठी लावावयाची, कोपरे दुमडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठे घालून तो परदेशी पाठवावयाचा आणि काही महिन्यांनी तो परत येईल अशी आशा बाळगावयाची. परत आलेल्या प्रिंटवर कधी पदकाची बातमी असे, कधी टपालाच्या शिक्क्याचा डाग. एका चित्रामागे एवढा व्याप असल्यामुळे पाठविणारा दहा वेळा विचार करी.

आता बहुतेक सलोन केवळ डिजिटल फाइल मागतात. लंडनच्या स्पर्धेतही पहिली फेरी डिजिटल फाइलवर होते आणि पुढे निवडलेल्यांकडून प्रिंट मागविले जातात. बदलाचा मोठा लाभ अर्थातच भारतासारख्या देशातील स्पर्धकांना झाला. तोटा असा की, प्रवेशिकांची संख्या प्रचंड वाढली आणि परीक्षकांसमोर एकेक चित्र जेमतेम काही सेकंद थांबू लागले.

त्या काही सेकंदांचा दाब निवडीवर पडतो. लगेच लक्ष वेधून घेईल असे काहीतरी हवे, म्हणून ठरावीक चेहरे पुन्हा पुन्हा पाठविले जातात. सुरकुत्यांचे जाळे पसरलेला वृद्ध, विडीच्या धुराआडचे डोळे, पुष्करच्या जत्रेतील लाल पागोटे, घाटावरचा जटाधारी साधू, खिडकीच्या गजांमागची बालिका. यांतील प्रत्येक चित्र पहिल्यांदा काढले गेले तेव्हा नक्कीच अपूर्व होते. परंतु पाचशेव्या खेपेला सुरकुती हा पोशाख होऊन बसतो आणि त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. आपल्याकडील सलोनच्या प्रदर्शनपुस्तिका चाळल्या, तर एकच आजोबा वीस गावांत राहतात की काय, अशी शंका येते.

याउलट २०१२ चे लंडनचे पुरस्कारप्राप्त चित्र पाहण्यासारखे आहे. जोर्दी रुईस सिरेरा यांनी बोलिव्हियातील मेनोनाइट पंथाच्या वस्तीत मार्गारिता टाइख्रोब हिचे ते काढले. छायाचित्र काढून घेणे त्या पंथात प्रशस्त मानले जात नाही. आपल्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेल्या मार्गारिताने हात तोंडाशी नेला आहे आणि तिचा सारा संकोच त्या हातात उतरला आहे. चित्रात नाट्य असे काहीच नाही. ‘आपण हे करावे की नाही’ हा तिचा संभ्रम मात्र स्पष्ट दिसतो आणि कितीही वेळ पाहिले तरी तो सुटत नाही.

यंत्राला चेहरा कसा दिसतो

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग बरेच रुंद कोनाचे असते. चेहऱ्याने चौकट भरावी म्हणून छायाचित्रकार अगदी जवळ जातो आणि मग नाक मोठे, कान मागे गेलेले, कपाळ फुगलेले अशी विचित्र आकृती मिळते. दोष भिंगावर ढकलला जातो. वास्तविक तो अंतराचा असतो. दीड-दोन मीटर मागे सरकून थोड्या लांब पल्ल्याच्या भिंगाने तोच चेहरा टिपला, तर तो घरच्यांना ओळखीचा वाटतो. जुन्या स्टुडिओवाल्यांनी ८५ ते १०५ मिलिमीटरची भिंगे व्यक्तिचित्रासाठी राखून ठेवली होती, ती याच कारणाने. मोबाइलमधील ‘पोर्ट्रेट’ नावाची सोय पार्श्वभूमी गणिताने धूसर करते. ते गणित केसांच्या बटा, चष्म्याची काडी आणि कानातले डूल यांच्याशी अडखळते. लहान पडद्यावर हे ध्यानात येत नाही, पण परीक्षकांच्या मोठ्या पडद्यावर अर्धा कापलेला डूल स्पष्ट दिसतो.

प्रकाशमापनाचा प्रश्न आपल्याकडे विशेष बिकट आहे. कॅमेऱ्याचे मापक समोरच्या साऱ्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेकडे ओढत असते. आषाढातील वारीत, दुपारच्या उन्हात, शुभ्र टोपी आणि शुभ्र सदरा घातलेल्या सावळ्या वारकऱ्यासमोर कॅमेरा धरला की यंत्र त्या शुभ्रतेने बिचकते, प्रकाश कमी करते आणि टोपीखालचा चेहरा काळोखात जातो. प्रकाश वाढवावा तर टोपीचे विणकाम नाहीसे होऊन तेथे कोरा पांढरा ठिपका उरतो. डिजिटल चित्रात एकदा कोरा झालेला भाग नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. अशा वेळी टोपीचा तपशील राखून चित्र घ्यावे आणि चेहऱ्याची छाया नंतर हलकेच उजळावी, हे शहाणपणाचे. रॉ स्वरूपात चित्र घेतले असेल तर यासाठी पुष्कळ वाव असतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे वारकरीबुवांना विनंती करून झाडाच्या सावलीत उभे करणे. बोलणे सुरू होते, हा आणखी एक लाभ.

उजळणे आणि गोरे करणे यांतील सीमारेषा मात्र सांभाळावी लागते. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना त्वचेच्या रंगासाठी कोडॅक कंपनी जे नमुनाचित्र पाठवीत असे, त्यावर गौरवर्णीय स्त्री असे. त्या पहिल्या स्त्रीच्या नावावरून ही चित्रे ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखली जात. तिची त्वचा ठीक आली की यंत्र ठीक, असा हिशेब होता. सावळ्या व कृष्णवर्णीय चेहऱ्यांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते. फिल्म गेली तरी तो हिशेब पुरता गेलेला नाही. अनेक मोबाइल सौंदर्यवर्धनाच्या नावाखाली त्वचा गुळगुळीत आणि काही छटा उजळ करून देतात, आणि कित्येकांना आपल्या फोनमध्ये ही सोय सुरू आहे याचा पत्ताही नसतो. एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली निघाला; फोनमधून तो कधी निघेल ते पाहावयाचे. स्पर्धेसाठी चित्र काढताना ही सोय बंद करावी. रापलेल्या चेहऱ्याचा रंग हा त्या माणसाच्या आयुष्याचा भाग असतो.

अंगठ्याची गोष्ट

चित्रात फेरफार करण्याची सवय संगणकाने लावली, हा समज तितकासा खरा नाही. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात निपोमो येथे, वाटाणे खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर, आपल्या मुलांना कवटाळून बसलेल्या एका मातेचे छायाचित्र काढले. ‘मायग्रंट मदर’ या नावाने ते जगभर पोहोचले. मूळ निगेटिव्हमध्ये उजवीकडे खाली तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत होता. काही वर्षांनी लँग यांनी तो पुसून घेतला. आजही नीट पाहिले तर तेथे अंगठ्याची भुतासारखी छटा जाणवते. आपल्याकडे तर स्टुडिओत काढलेल्या कृष्णधवल चित्रांवर ब्रशाने रंग भरण्याची कलाच होती. आजीच्या लग्नातल्या चित्रातील शालूचा रंग हा पुष्कळदा रंगाऱ्याच्या मर्जीचा असे.

फरक इतकाच की, त्या काळी अंगठा पुसावयास कुशल कारागीर लागत असे. आज तो बोटाच्या एका स्पर्शाने जातो आणि त्याबरोबर तीळ, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळे सारे काही जाऊ शकते. येथे निरनिराळ्या स्पर्धांचे नियम निरनिराळे असतात. वृत्तछायाचित्रणाच्या विभागात काहीही मिळवणे वा काढणे चालत नाही. सर्वसाधारण विभागात बरीच मोकळीक असते, मात्र चित्राचा प्रत्येक भाग स्पर्धकाने स्वतः टिपलेला असावा, अशी फियापची अट आहे. दुसऱ्याचे आकाश आणून आपल्या आजोबांच्या मागे लावता येत नाही. संशय आल्यास आयोजक मूळ फाइल मागवू शकतात. तेव्हा ती जपून ठेवणे आणि बदल नेहमी तिच्या प्रतीवर करणे, ही सवय प्रथमपासून लावून घ्यावी.

आता तर छायाचित्रकाराचीही गरज उरली नाही, असे सांगणारा प्रसंग २०२३ मध्ये घडला. सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या खुल्या स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताचे दोन स्त्रियांचे जुन्या धाटणीचे व्यक्तिचित्र सर्जनशील विभागात विजयी ठरले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केले होते. एल्डागसेन यांनी पुरस्कार नाकारला. स्पर्धा यासाठी तयार आहेत का, हे आपणास पाहावयाचे होते, असे त्यांचे म्हणणे. त्या दोन स्त्रिया कधी जन्मल्याच नव्हत्या. लंडनच्या नियमावलीतील ‘जिवंत व्यक्ती’ या शब्दांवर त्यानंतर कोणी हसत नसावे.

फाइल पाठविताना

तांत्रिक भागाला उगाच भिण्याचे कारण नाही. स्पर्धेच्या नियमावलीत चित्राची कमाल लांबी व रुंदी पिक्सेलमध्ये दिलेली असते, ती तंतोतंत पाळावी. ३०० डीपीआय की ७२, हा वाद पडद्यावर दाखविण्याच्या चित्राला लागू नाही. तो कागदावरील छपाईचा विषय आहे. एक गोष्ट मात्र व्यक्तिचित्रकारांनी ध्यानात घ्यावी. मर्यादा १९२० बाय १०८० अशी असेल, तर आडव्या निसर्गचित्राला पूर्ण पडदा मिळतो, पण उभे व्यक्तिचित्र १०८० पिक्सेल उंचीतच बसवावे लागते. दोहोंचा आकार समोर ठेवला तर आपले चित्र निम्म्याहूनही लहान दिसते. म्हणून पाठविण्यापूर्वी ते त्याच आकारात, चार पावले मागे उभे राहून पाहावे. तेवढ्या अंतरावरून डोळे बोलत नसतील तर आजूबाजूची काटछाट करणे इष्ट.

चित्र लहान केल्यावर ते किंचित मवाळ होते, म्हणून धार वाढवावयाची ती शेवटी आणि बेताने. अन्यथा गालावरील रंध्रे खडीसारखी दिसतात. रंगाची मोजणी एसआरजीबी पद्धतीची ठेवावी. अॅडोबी आरजीबीत ठेवलेली फाइल साध्या पडद्यावर उघडली की त्वचा निस्तेज, आजारी दिसण्याचा संभव असतो. जेपेग फाइल पुन्हा पुन्हा उघडून साठवू नये, कारण प्रत्येक वेळी थोडा तपशील झिजतो. चित्रावर स्वतःचे नाव टाकू नये, कारण परीक्षण निनावी असते.

आणि एक बँकिंगची बाब. परदेशी सलोनचे शुल्क कार्डाने भरावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहारांची सोय ग्राहकाने स्वतः सुरू केल्याशिवाय चालत नाही. अंतिम मुदतीच्या रात्री साडेअकरा वाजता हे लक्षात आलेले स्पर्धक थोडेथोडके नसतील.

मालकी आणि संमती

चित्र माझ्या कॅमेऱ्यातले, म्हणून ते माझे, ही समजूत कायद्याला सरसकट मान्य नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम असे सांगते की, दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राची प्रथम मालकी, वेगळा करार नसेल तर, मोबदला देणाऱ्याकडे जाते. लग्नसमारंभाचे काम घेतलेल्या छायाचित्रकाराने त्यातील नववधूचा सुंदर चेहरा स्पर्धेला पाठवावयाचा असेल, तर आधी त्या कुटुंबाला विचारणे आवश्यक ठरते. नोकरीत असताना मालकासाठी काढलेल्या चित्रांवरही सामान्यतः मालकाचा हक्क असतो. हौशी छायाचित्रकाराने स्वेच्छेने काढलेले चित्र मात्र त्याचेच, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क त्याच्या हयातीपर्यंत व पुढे साठ वर्षे टिकतो.

एवढा दीर्घ हक्क पुष्कळ जण स्पर्धेच्या अर्जावरील एका चौकोनात खूण करून देऊन टाकतात. आयोजकांना प्रदर्शनासाठी व पुस्तिकेसाठी चित्र वापरू देणे रास्तच आहे. परंतु काही व्यापारी स्पर्धांच्या अटींत ‘कोणत्याही कारणासाठी, कायमस्वरूपी, विनामोबदला’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ असा की, गावातल्या मावशींचा चेहरा उद्या एखाद्या तेलाच्या जाहिरातीवर झळकला तरी विचारणारा कुणी नाही. कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी जी काळजी घ्यावी, तीच येथेही घ्यावी.

मावशींनी चित्र काढू दिले, म्हणजे ते जगापुढे मांडण्यास संमती दिली असे होत नाही. पुष्कळ स्पर्धा आता संमतिपत्र मागू शकतात. लहान मुलांच्या बाबतीत ते पालकांचे लागते. इंग्रजी छापील कागदावर अंगठा घेण्यापेक्षा मराठीत, हिंदीत वा त्या माणसाच्या भाषेत दोन ओळी लिहून, वाचून दाखवून सही घेतलेली बरी. अगदीच जमले नाही तर कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर चित्र दाखवून ‘हे स्पर्धेला पाठवू का’ असे विचारता येते. एखादा नकोही म्हणतो. छान चित्र हातचे जाते, पण नकाराचा त्याला अधिकार आहे.

हे विचारले न गेल्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. ‘मायग्रंट मदर’मधील स्त्रीचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होते, हे लोकांना १९७८ मध्ये, म्हणजे चित्र निघाल्यानंतर बेचाळीस वर्षांनी कळले. जगप्रसिद्ध झालेल्या त्या चेहऱ्याने आपणास काहीच दिले नाही, अशी खंत त्या वेळी तिने बोलून दाखविली होती. पाकिस्तानातील नासिर बाग छावणीत १९८४ मध्ये स्टीव्ह मॅककरी यांनी टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी १९८५ च्या जूनमध्ये नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली. २००२ मध्ये तिला शोधून काढले गेले, तेव्हा बुबुळांच्या तपासणीने ओळख पटवावी लागली. शरबत गुला हे तिचे नाव. सतरा वर्षे आपला चेहरा जगभर फिरत होता, याची तिला वार्ताही नव्हती.

देझफुली यांनी दुसरा मार्ग धरला. पुरस्कारावर न थांबता त्यांनी त्या ११८ जणांचा युरोपभर माग काढण्यास सुरुवात केली. अमादूलाही ते इटलीत पुन्हा भेटले. होडीवरून उतरलेला माणूस पुढे कुठे पोहोचला, त्याचे काय झाले, हे नोंदविण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले आणि ‘पॅसेंजर्स’ या नावाने लोकांपुढे आले.

भूमध्य समुद्रापेक्षा पंढरीची वाट या बाबतीत पुष्कळच सोपी आहे. पालखी सोहळ्यात दिंड्यांचे क्रमांक व त्यांची जागा ठरलेली असते. चित्र काढतेवेळी दिंडीचा क्रमांक, गाव आणि नाव वहीत टिपून ठेवले, तर पुढच्या आषाढीला त्याच क्रमांकाच्या मागेपुढे चालताना ते वारकरीबुवा पुन्हा सापडण्याची शक्यता बरीच असते. सोबत न्यावयाचा प्रिंट पोस्टकार्डाएवढा असावा. मोठा प्रिंट पिशवीत दुमडतो आणि पावसाचे दिवस असल्यामुळे त्याला प्लॅस्टिकचे पाकीट घालून देणे बरे.